सदनिका-प्रवेशाधिकार
कॉन्डोमिनियम पद्धतीच्या इमारतीत सदनिका ही मालकाची स्वतंत्र मिळकत असली, तरी तिच्यातून जाणारे नळ, विजेच्या तारा व सांडपाण्याच्या वाहिन्या बहुधा सामाईक असल्यामुळे, तिच्यात प्रवेश करण्याचा जो मर्यादित हक्क मालकसंघास कायद्याने प्राप्त होतो, तो. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या कॉन्डोमिनियम अधिनियमान्वये (प्रकरण ७१८) हा हक्क मालकास रद्द करता येत नाही. तथापि सामाईक भागांची देखभाल, दुरुस्ती वा बदल यांसाठी, संघाकडे सोपविलेल्या सदनिकेतील भागाच्या निगेसाठी, अथवा त्या सामाईक भागांची किंवा एखाद्या सदनिकेची हानी टाळण्यासाठी, जेव्हा आवश्यक असेल तेव्हाच आणि वाजवी वेळी, तो बजावता येतो. किल्लीचा उल्लेख त्या तरतुदीत नसल्यामुळे, दुसरी किल्ली संघाच्या ताब्यात असावी की नाही, हे प्रायः संघाच्या घोषणापत्रावर व नियमावलीवर अवलंबून राहते. जेथे ती ठेवली जाते, तेथे तिचा प्रत्येक वापर नोंदवहीत दाखल करणे, शक्य तेव्हा मालकास आगाऊ नोटीस देणे व प्रवेशसमयी साक्षीदार ठेवणे, ही उभयपक्षी हितावह वहिवाट होय. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० यातही व्यवस्थापक अथवा व्यवस्थापक मंडळ यांच्यामार्फत बजावावयाचा अशाच आशयाचा हक्क संघास दिलेला आहे.