वसईची बावखले आणि आपले गाव

गावाशेजारी नवी वस्ती होणार म्हटले, की जुन्या वस्तीच्या कपाळाला आठी पडते. आमच्या शिराळा तालुक्याला हे नवे नाही. वारणेवर चांदोलीला धरण झाले, पुढे अभयारण्य आले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. डोंगरातली गावे उठली आणि खाली पाण्याच्या पट्ट्यात त्यांच्या वसाहती झाल्या. ज्यांची जमीन 'स्लॅब'मध्ये गेली ते नाराज. ज्यांना ती मिळाली ते परक्या शिवारात अवघडलेले. पाणवठा, गायरान, स्मशान यांवरून कुरबुरी झाल्या. त्या गावांची नावे जाऊन मागे 'वसाहत' एवढाच शब्द उरला.

मग नव्या घरांना विरोध करणे चूक की बरोबर? याचे उत्तर शोधताना मला वसईकडे पाहावेसे वाटते.

वसई म्हटले की आपल्याला १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय आठवतो. पण किल्ल्याच्या उत्तरेला, समुद्र आणि रेल्वेमार्ग यांच्यामध्ये, वाड्यांचा एक हिरवा पट्टा आहे. तिथे वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती, आगरी, कोळी अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकवला. वसईची सुकेळी तर आजही नावाजलेली आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना इथे गोड पाणी कसे? त्याचे एक उत्तर म्हणजे 'बावखल'. वाडीच्या कडेला खणलेले हे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवते. जमिनीखाली हे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते. बावखल बुजवले किंवा विहिरींचा उपसा वाढला, की खारे पाणी आत सरकते. हे शास्त्र तिथल्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या हरित पट्ट्यातली मोठी जमीन घरबांधणीसाठी खुली करायचे शासनाने ठरवले. मुंबईत घर परवडेनासे झाले होते, आणि वसई-विरारला लोकलने जाता येत होते. काळ साधा नव्हता. १९८९ मध्ये नालासोपारा स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाचा खून झाला. जमिनीच्या व्यवहारात किती दहशत शिरली आहे, हे त्यातून साऱ्या महाराष्ट्राला दिसले. अशा वातावरणात 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. तिचे नेतृत्व 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. हा धर्मगुरू सभा घेत होता, मोर्चे काढत होता आणि सरकारी नकाशे लोकांना समजावून सांगत होता. चळवळीत चर्चला जाणारे होते, तसे देवळात जाणारेही होते. बावखल कोणत्या धर्माचे, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

१९९० मध्ये या भागाच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली. आराखड्यावर हजारो हरकती नोंदवल्या गेल्या. मागणी मोजकी होती : आधी पाणी कुठून आणणार ते सांगा, सांडपाणी कुठे सोडणार ते सांगा, मग घरांची संख्या ठरवा. पश्चिमेच्या हरित पट्ट्याचा बराच भाग वाचला, ही या लढ्याची कमाई. पण रेल्वेच्या कडेने शहर वाढतच गेले. विहिरींचे पाणी टँकरने नव्या इमारतींना जाऊ लागले आणि त्याविरुद्धही गावकऱ्यांना लढावे लागले. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. अनेक गावांनी तिला विरोध केला. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा शासनाचा निर्णय झाला, पण तो वाद पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडला. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, लोकल थांबली, इमारतींच्या तळमजल्यात पाणी शिरले. पाण्याची वाट अडवली, की ते घर जुने की नवे हे विचारत नाही.

आता दुसरी बाजूही पाहू. नालासोपाऱ्यात एका खोलीचे घर घेणारा माणूस कोण होता? गिरणी बंद पडलेला कामगार, कारकून, शिंपी, फेरीवाला. तो वसईकरांचा वैरी नव्हता. त्यालाही छप्पर हवे होते. ज्यांनी त्याला घर विकले, त्यांनी पाण्याचा हिशेब त्याला सांगितला नाही.

हे मी जरा कळकळीने बोलतो, त्याला कारण आहे. तरुणपणी एका शहरात भाड्याने खोली शोधत होतो. बोलणे ठरत आले, मग मी नाव सांगितले. 'खोली कालच दिली' असे उत्तर मिळाले. माझ्या मराठीत त्यांना काही उणे दिसले नव्हते, नावात दिसले. म्हणून 'आमच्या गावात बाहेरचे नकोत' हे वाक्य ऐकले, की मी सावध होतो. त्यातला 'बाहेरचे' हा शब्द केव्हा कुणाच्या अंगावर येईल, सांगता येत नाही.

वसईच्या लढ्याचे मोल मला इथे वाटते. 'किती माणसे या जमिनीला, या पाण्याला पेलतील?' हा त्याचा मूळ प्रश्न होता. 'कोणती माणसे?' हा प्रश्न वेगळा. पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक गावाला आहे. दुसरा प्रश्न विचारण्याचा हक्क कुणालाच नाही. दोन्ही प्रश्न एकाच मोर्च्यात, एकाच घोषणेत मिसळू शकतात, म्हणून पुढाऱ्यांनी आणि आपणही जपून राहायला हवे.

फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये गेले. त्यांचा प्रश्न मात्र गेलेला नाही. आज लहान लहान गावांच्या रस्त्यांकडेलाही बिनशेतीचे दगड रोवले जात आहेत. उसाच्या फडात आखणी होते, ओढ्यावर भराव पडतो, आणि गावाला कळते ते पाटी लागल्यावर. अशा वेळी ग्रामसभेत उठून नकाशा मागावा. विहीर कुठली, गटार कुठे, ओढ्याचे काय, हे विचारावे. उत्तर पटले नाही तर हरकत लेखी नोंदवावी. आणि घरे झालीच, तर तिथे राहायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या द्यावा. चांदोलीच्या डोंगरातून उठून आलेल्यांना तो प्रत्येक ठिकाणी मिळाला असता, तर 'वसाहत' हा शब्द एव्हाना विसरला गेला असता.