अल्विन रॉयची तालीम

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या नावाने खेळला जातो, हे परगावच्या पाहुण्याला सांगितले की तो आधी हसतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम असे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांपुढे उभे ठाकतात आणि निम्मे शहर गळ्याच्या शिरा ताणून ओरडत असते. मीही अशाच एका पेठेत वाढलो. आमच्या तालमीत एक वस्ताद होते. कुस्तीच्या पोरांना ते पहाटे हौद्यात मनसोक्त घोळसत. पण फुटबॉलच्या पोराने मुद्गलाला हात लावला, की अंगावर येत. "ठेव खाली ते! अंग जखडंल, मग पळणार कसा रं?" मी मुकाट्याने मुद्गल ठेवला, तो कायमचाच. वस्तादांपुढे कोण बोलणार?

पुढे शाळामास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो, आणि वाचनाच्या नादात असे आढळले, की हीच समजूत सातासमुद्रापलीकडेही घट्ट रुजून बसली होती. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शरीरशास्त्रावर अधिकाराने बोलण्याची माझी पात्रता नाही. तथापि ती समजूत ज्याने मोडली, त्या माणसाची कथा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी असे वाटले. कथा सगळी गोड नाही, हे आधीच सांगतो.

प्रथम एक खुलासा. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तेथे चेंडू लांबोडका असतो, तो बहुतेक वेळ हातात असतो आणि पाय हा बराचसा नावापुरताच. डोक्याला शिरस्त्राण चढवून धिप्पाड गडी एकमेकांवर आदळतात. अशा खेळाला ताकद हवी, हे आपल्या बाळगोपाळांनाही कळेल. परंतु तेथील प्रशिक्षकांनी खेळाडूंना वजनांपासून कटाक्षाने दूर ठेवले होते. लोखंड उचलले की स्नायू जखडतात आणि गडी मंदावतो, असे ते शपथेवर सांगत.

लुइझियाना राज्यात बॅटन रूज नावाचे शहर आहे. अल्विन रॉय हा तिथला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. १९४६ साली पॅरिसला वजन उचलण्याच्या जागतिक स्पर्धा झाल्या, तेव्हा अमेरिकन संघाच्या मदतीला त्याची नेमणूक झाली. ती माणसे पर्वताएवढे वजन उचलतात आणि वर मांजरासारखी उड्याही मारतात, हे त्याने तेथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. गावी परतून त्याने व्यायामशाळा काढली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेच्या वजन उचलणाऱ्या संघाबरोबरही त्याने काम केले.

१९५४ साली गावातल्या इस्ट्रूमा हायस्कुलाचा संघ शेजारच्या बॅटन रूज हायस्कुलाकडून हरला. रॉय इस्ट्रूमाच्या लोकांकडे गेला आणि म्हणाला, मुले माझ्या स्वाधीन करा. शाळेने आढेवेढे घेतले. त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. एखाद्या पोराची पाठ धरली तर दुसऱ्या दिवशी दारात आईबाप कुणाच्या उभे राहतात, हे ज्याने शाळेत दिवस काढले त्यालाच ठाऊक! पण अखेर शाळा कबूल झाली. मुले बैठका मारू लागली, त्याही खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन. १९५५ च्या हंगामात इस्ट्रूमा एकही सामना हरली नाही आणि राज्याचे अजिंक्यपद घेऊन गेली.

त्या संघात बिली कॅनन नावाचा पोरगा होता. तो गोळाही फेकी आणि शंभर यार्डांच्या शर्यतीतही वाऱ्यासारखा धावे. जखडलेल्या स्नायूंचा सिद्धांत या एका पोराने मातीत घातला. खरे तर यात चमत्कार काही नाही. जी मांडी वजनासकट शरीर वर उचलते, तीच मांडी धावताना जमिनीला मागे रेटते. सांधा पुरता वाकवून आणि पुरता सरळ करून व्यायाम केला तर अंग आखडण्याचे कारण नाही. पुढे कॅनन लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला. तेथेही रॉयची पद्धत शिरली, आणि १९५८ साली ते विद्यापीठ साऱ्या देशात पहिले आले. ३१ ऑक्टोबर १९५९ च्या रात्री मिसिसिपीविरुद्ध कॅननने चेंडू घेऊन ८९ यार्डांची जी दौड मारली, अंगाला झोंबणाऱ्यांना झटकीत झटकीत, तिची गोष्ट त्या गावात आजही सांगतात. सामना ७-३ असा सुटला. वर्षअखेर विद्यापीठीय खेळाडूंतला सर्वश्रेष्ठ मान, हाइझमन करंडक, त्यालाच मिळाला.

येथवर कथा कीर्तनात शोभेल अशी आहे. पुढची तशी नाही.

१९६२ साली सॅन डिएगोच्या चार्जर्स या व्यावसायिक संघाची दैना उडाली होती : चौदांपैकी चार सामने जिंकले, दहा हरले. प्रशिक्षक सिड गिलमन याने १९६३ साली रॉयला बोलावले. शक्तिवर्धनासाठी स्वतंत्र माणूस नेमणे ही व्यावसायिक संघांत नवलाईच होती. उन्हाने भाजून काढणाऱ्या माळावर, रफ एकर्स नावाच्या ठिकाणी, छावणी पडली. वजने आली. आणि त्यांच्याबरोबर जेवणाच्या टेबलावर वाडगे आले, गुलाबी गोळ्यांनी भरलेले. रॉयने खेळाडूंना सांगितले, की हे रशियनांचे गुपित आहे. याने खाल्लेले प्रथिन अंगी लागते. गोळीचे नाव डायनाबॉल. सीबा कंपनीने १९५८ साली ती अमेरिकेत आणली होती. पुरुषी अंतःस्रावासारखे काम करणारे ते कृत्रिम औषध. स्नायू वाढवते खरे, पण यकृतालाही धक्का लावते. त्या काळी ते खेळात निषिद्ध नव्हते, हे न्यायाने नोंदले पाहिजे. अमेरिकेच्या कायद्याने अशा औषधांवर कडक बंधन घातले ते १९९० साली.

खेळाडूंनी गोळ्या घेतल्या. का घेतल्या? रॉयने दिल्या म्हणून. वजनांबद्दल सारे जग चुकले होते आणि हा एकटा बरोबर ठरला होता. मग गोळ्यांबद्दल तो चुकेल असे कोणाला वाटावे?

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दप्तरात भुकटीचा डबा दिसला. वरचे लेबल नखाने खरवडलेले. कोणी दिला विचारले, तर म्हणाला, "व्यायामशाळेतल्या सरांनी. सर सांगत्यात म्हंजे चांगलंच असणार की." मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो खरा, पण वाटेत मला माझा जमिनीवर ठेवलेला मुद्गल आठवत होता.

सॅन डिएगोतही डॉक्टरच उपयोगी पडला. काही आठवड्यांनी डेव्ह कोकुरेक या खेळाडूला शंका आली, आणि त्याने आपल्या डॉक्टरला विचारले. डॉक्टरने धोका समजावून सांगितला. मग रॉन मिक्स या आघाडीच्या गड्याने सर्वांना एकत्र बसवून ही माहिती दिली. पुढे गोळ्या ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिल्या; वाडगे मात्र लगेच उचलले गेले नाहीत. त्या हंगामात चार्जर्सनी अकरा सामने जिंकले, आणि ५ जानेवारी १९६४ रोजी बोस्टन पेट्रियट्सना ५१-१० असे लोळवून लीगचे अजिंक्यपद मिळवले. त्यात वजनांचा वाटा किती आणि गोळ्यांचा किती, याचा हिशेब कोण करणार? विजयी माणसाला तो करण्याची घाई नसते.

रॉय पुढे कॅन्सास सिटीच्या संघाकडे गेला, तेथून डॅलस, मग ओकलंड. कॅन्सास सिटीने जानेवारी १९७० मध्ये मिनेसोटाला २३-७ असे हरवून सुपर बोल जिंकला. दरम्यान १९६९ साली नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली नावाचा बांबूउडीचा खेळाडू पाठीच्या दुखण्यामुळे वजनांकडे वळला होता. तेथे त्याला याच कामावर नेमले, आणि ते त्याने पुढे तीस वर्षांहून अधिक काळ केले. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे नेब्रास्का देशात पहिले आले. १९७८ साली एप्लीने या धंद्यातल्या लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापली. ज्या कामाला पूर्वी नावही नव्हते, त्याला आता नाव मिळाले.

रॉय १९७९ साली वारला. त्याच वर्षी व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात रॉन मिक्सची निवड झाली.