कात्रजचें पाणी आणि पुण्यांतील विद्यार्थ्यांचीं बिऱ्हाडें

कात्रज म्हटलें कीं इतिहासप्रिय वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात ते शिंगांस पोत बांधलेले बैल. शाहिस्तेखानावरील छाप्यानंतर, इ. स. १६६३ मध्यें, मोगल फौजेस कात्रजच्या घाटांत चकविल्याची ती परंपरागत कथा कितपत खरी, हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय त्या घाटाच्या पायथ्याशीं साठविलेलें पाणी आणि त्या पाण्याच्या आधारानें पुण्यांत शिकून गेलेला गरीब विद्यार्थी हा आहे. वरवर पाहतां या दोहोंचा कांहीं संबंध नाहीं. परंतु परगांवाहून आलेला मुलगा पुण्यांत राहिला कोठें, जेवला कोठें आणि प्याला काय, असा साधा प्रश्न केला म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर कात्रजच्या तलावाशीं जाऊन पोंचतें, व पहिल्या दोहोंचीं उत्तरेंही त्यावांचून पुरीं होत नाहींत.

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनीं इ. स. १७५० च्या सुमारास आंबील ओढ्याच्या उगमाकडे कात्रजच्या डोंगरांत पाणी अडविलें व सुमारें पांच मैल दगडी नळ बांधून तें शनिवारवाड्यापर्यंत आणिलें. नळ म्हणजे हल्लींच्या अर्थाची लोखंडी नळी नव्हे. तें चुन्यांत बांधलेलें भुयार असून माणसास आंत उतरून चालतां यावें एवढें तें प्रशस्त आहे. वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेविलेले आहेत. त्यांतून हवा खेळावी आणि आंत उतरून गाळ काढतां यावा हा त्यांचा हेतु. सारें पाणी केवळ उताराच्या बळावर वाहे. त्यास मोट लागली नाहीं, बैल लागले नाहींत, इंधन लागलें नाहीं. शहरांत आल्यावर तें सरकारी व खाजगी हौदांत पडे. पुढें नाना फडणिसांनीं आंबेगांवाकडून व रास्त्यांनीं कोंढव्याकडून असेच नळ आणिले. त्यामुळें काळा हौद, नाना हौद, सदाशिव पेठेचा हौद हीं नांवें पुण्याच्या तोंडीं पत्ते सांगण्यापुरतीं तरी कायमचीं बसलीं.

या कामाचें स्थापत्य पाहून पुष्कळांनीं नवल केलें आहे. आम्हांस त्यांतील विशेष वाटतो तो निराळाच. ज्यानें नळ बांधला त्यानें भांडवल घातलें, परंतु हौदावर घागर भरणारास पैसा पडत नसे. शहरांत राहण्याच्या खर्चांतील एक मोठी बाब अशा रीतीनें एकदांच, एका कर्त्यानें, पुढील शेंसव्वाशें वर्षांकरितां उचलून ठेविली. इ. स. १८७९ मध्यें खडकवासल्याचें धरण पुरें होऊन पुण्यास दुसरें पाणी मिळालें. पण म्हणून जुने हौद त्या दिवशीं सुकले नाहींत.

आतां विद्यार्थ्याकडे वळूं. पेशव्यांच्या श्रावणमासच्या दक्षिणेमुळें पुणें हें विद्वानांचें यात्रास्थान झालें होतें, व विद्वानांच्या मागोमाग विद्यार्थी येत. पेशवाई बुडाल्यावर इ. स. १८२१ मध्यें इंग्रज सरकारनें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली. तिचीच पुढील परंपरा डेक्कन कॉलेजांत गेली. इ. स. १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल व १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज निघालें, तेव्हां तर कोंकणांतून व देशावरून येणाऱ्या मुलांची रीघच लागली. कॉलेजांच्या वसतिगृहांत राहणें सर्वांच्या ऐपतीचें नव्हतें. बाकीचे राहत वाड्यांत: कोणी दिंडीदरवाजावरील खोलींत, कोणी माळ्यावर, कोणी पडवींत, कोणी देवळाच्या ओवरींत. भाडें नाममात्र, पुष्कळदां तेंही नाहीं. दुपारीं माधुकरी, किंवा सात घरीं सात वार. एखाद्या घरचा वार सुटला तर त्या वारीं उपास. आणि पहाटे हौदावर घागर.

या व्यवस्थेस धर्मादाय म्हणून सोडून देण्याची चाल आहे. आमच्या मतें तें बरोबर नाहीं. धर्मादाय मनास येईल तेव्हां दिला जातो. वार हा ठरलेला असे, आणि घरधनिणीच्या स्वयंपाकाच्या मापांत त्या वारच्या मुलाचा घांस आधींच धरलेला असे. मुलगाही रिकामा जेवत नसे. देवपूजा करणें, पाणी भरणें, धाकट्यांस धुळाक्षरें शिकविणें, बाजारहाट करणें, हें त्याच्याकडे चालत आलेलें काम. तेव्हां गरीब विद्यार्थ्याचें बिऱ्हाड फुकट होतें असें म्हणण्यापेक्षां, त्याचा खर्च निवाऱ्यापुरता वाडेवाल्यानें, अन्नापुरता सात घरांनीं व पाण्यापुरता पेशव्यांनीं वांटून घेतला होता, असें म्हणणें यथार्थ होईल. त्यांत अपमानही पुष्कळ होते. ओसरीवर ताटकळत बसलेल्या मुलाच्या पानावर काय पडलें, हें ज्यांनीं भोगलें त्यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे, व त्याची गोडी वाढवून सांगण्याचें कारण नाहीं.

परंतु याहून मोठें व्यंग दुसरें होतें. ही वांटणी एका जातीपुरतीच होती. माधुकरी ब्राह्मणाच्या मुलास मिळे, कुणब्याच्या मुलास नाहीं. हौदावर घागर बुडवितांना जात पाहिली जाई, आणि अस्पृश्यास त्या पाण्याचा थेंबही आपल्या हातानें घेतां येत नसे. म्हणजे ज्या पाण्याची आम्हीं वर एवढी वाखाणणी केली, तें कात्रजहून शहरापर्यंत विनामूल्य आलें खरें. शेवटच्या दहा पावलांत मात्र त्यास किंमत पडे, आणि ती किंमत पैशानें चुकविण्यासारखी नव्हती. जोतीराव फुले यांनीं इ. स. १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, या गोष्टीचें वजन या पार्श्वभूमीवर कळतें. पुढें इ. स. १८८० च्या सुमारास डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं आपल्या अल्पवयांत वारलेल्या काशी नांवाच्या मुलीच्या स्मरणार्थ सर्व जातींच्या लोकांसाठीं हौद बांधला. तो ‘बाहुलीचा हौद’ म्हणून प्रसिद्ध आहे. पुण्याच्या हौदांची यादी करणारे या दोन हौदांस बहुधा शेवटीं टाकतात. आमच्या यादींत ते पहिले आहेत.

कात्रजच्याच वाटेवर आणखी एक स्थळ आहे, त्याकडे संशोधकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. इ. स. १८७६–७७ च्या दुष्काळांत सत्यशोधक मंडळींनीं धनकवडी येथें ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ उघडून दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची व निवाऱ्याची सोय केली. त्याच्या साहाय्यार्थ जोतीरावांनीं मे १८७७ मध्यें काढलेलें पत्रक प्रसिद्ध आहे. हें विद्यार्थिगृह नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु जात न विचारतां परक्यांच्या मुलांस एका छपराखालीं जेवूं घालण्याचा पुण्याजवळचा हा फार आरंभींचा प्रयत्न होय, आणि तो कात्रजच्या नळाच्या शेजारीं झाला.

शाळेचें दार सर्वांस उघडलें तरी बिऱ्हाडाचें दार बंद असेल तर खेड्यांतील मुलास शाळेचा उपयोग नाहीं, हें ज्यांनीं नीट ओळखलें त्यांत श्रीशाहू छत्रपतींचें नांव प्रथम घ्यावें लागतें. इ. स. १९०१ मध्यें कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, व पुढील वीस वर्षांत तेथें निरनिराळ्या जातींचीं इतकीं वसतिगृहें झालीं कीं त्या नगरीस वसतिगृहांची जननी म्हणूं लागले. जातवार वसतिगृहें काढणें हा उपाय आज कोणास खटकेल. परंतु वार जर जातवार होते तर त्यांस उतारा प्रथम त्याच वाटेनें मिळाला, यांत नवल नाहीं. ती भिंतही पाडली भाऊराव पाटील यांनीं. साताऱ्यास त्यांनीं इ. स. १९२४ मध्यें सर्व जातींच्या मुलांस एकत्र ठेवणारें वसतिगृह काढलें. २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींनीं त्यास श्रीछत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस असें नांव दिलें. मुलांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाई पाटील यांनीं अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही गहाण टाकलें, ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. इ. स. १९३२ मध्यें पुणें कराराच्या स्मरणार्थ भाऊरावांनीं पुण्यास युनियन बोर्डिंग काढलें. साताऱ्याकडून कात्रजचा घाट उतरून येणाऱ्या बहुजन मुलास पुण्यांत उतरावयास हक्काची जागा झाली ती अशी.

खुद्द पुण्यांत इ. स. १९०९ मध्यें निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या वाचकांच्या संग्रहांत या संस्थेच्या लोकसंग्रह छापखान्यांत छापलेलें एखादें तरी पुस्तक असेलच. मुलांनीं आरंभीं माधुकरी व वार यांवर राहावयाचें आणि मग स्वतःच्या छापखान्यांत कष्ट करून संस्थेचा भार हलका करावयाचा, या क्रमांत जुन्या व नव्या पद्धतींचा सांधा स्पष्ट दिसतो. वार मागणारा मुलगा दुसऱ्याच्या घरीं पाणी भरीत होता. येथें तो आपल्याच घरीं खिळे जुळवूं लागला. मुलींकरितां धोंडो केशव कर्वे यांनीं इ. स. १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढून तो १९०० मध्यें हिंगण्यास नेला, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकारानें इ. स. १९५५ मध्यें स्थापन झालेली विद्यार्थी सहायक समिती ही त्याच मालिकेंतील. मुलांनीं आपलीं कामें आपण करावीं व खर्चाचा वांटा समाजानें उचलावा, हें वाराचेंच तत्त्व तिनें ओसरीवरचा अपमान वगळून पुढें चालविलें.

समिती सहा वर्षांची असतांना, १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतचें धरण फुटलें व पाठोपाठ खडकवासला. पूर ओसरल्यावर शहरास पाणी उरलें नाहीं. त्या दिवसांत लोकांनीं जुन्या विहिरी उघडल्या आणि विस्मृतींत गेलेल्या हौदांकडे घागरी वळल्या. दोनशें वर्षांपूर्वीं चुन्यांत बांधलेल्या भुयाराचा तो शेवटचा मोठा उपयोग होय.

यानंतर चक्र उलटें फिरलें. विद्यार्थ्याकडे कात्रजचें पाणी जात असे. आतां विद्यार्थी कात्रजला आला. इ. स. १९६४ मध्यें स्थापन झालेल्या भारती विद्यापीठाचा विस्तार धनकवडी–कात्रज भागांत झाला, शेजारीं आंबेगांवाकडे आणखी महाविद्यालयें उभीं राहिलीं, आणि इ. स. १९९७ मध्यें कात्रज महापालिकेच्या हद्दींत आलें. पेठांतील वाडे पडले. पडवी, माळा व ओवरी यांची जागा ‘कॉट बेसिस’ या नव्या पुणेरी शब्दानें घेतली. एका खोलींत तीन अगर चार खाटा, अनामत रक्कम, अकरा महिन्यांचा करार, व खाणावळीचा डबा. पाणी कोठून येतें म्हणाल तर पुष्कळ ठिकाणीं टँकरनें. पेशव्यांच्या तलावापासून हांकेच्या अंतरावर टँकरची वाट पाहत बादल्या घेऊन उभीं राहिलेलीं मुलें आम्हीं पाहिलीं, तेव्हां त्यांतील एकासही पायांखालच्या नळाची वार्ता नव्हती. त्यांचा दोष नाहीं. उच्छ्वास इमारतींच्या कुंपणांत गेले आहेत, नळ ठिकठिकाणीं फुटला किंवा बुजला आहे, तलावांत सांडपाणी व जलपर्णी शिरली आहे. आंबील ओढ्याचें पात्र आवळून बांधकामें झालीं, त्याचा हिशेब २५ सप्टेंबर १९१९ च्या नव्हे, अगदीं अलीकडच्या २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं ओढ्यानेंच चुकता केला. त्या अतिवृष्टींत पुण्यांत व आसपास वीसांहून अधिक माणसें दगावलीं. हा जुन्या काळचा वृत्तान्त वाटूं नये म्हणूनच सालाचा पुनरुच्चार केला.

सरकारनें आपला वांटा अगदींच टाकला आहे असें नाहीं. शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जाति व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं इ. स. २०१६–१७ पासून स्वाधार योजना निघाली. तींत पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठीं वर्षास ६०,००० रुपये ठरविले गेले. पैकीं भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० व इतर निर्वाहाचे ८,०००. निवासाची रक्कम महिन्यावर बसविली तर सोळाशें सहासष्ट रुपये होते. ज्या वर्गास हौदाचें पाणी शिवूं दिलें नव्हतें त्याच्या मुलाचा वार सरकारच्या घरीं लागला, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाहीं. मात्र रोख रक्कम हातांत ठेवून हौद बांधला जात नाहीं. नानासाहेबांनीं विद्यार्थ्यांस पाणीपट्टी वांटली असती तर ती त्याच वर्षीं खर्चली गेली असती.

आतां मंडळाच्या सभासदांपाशीं एक मागणें. पेशवे दप्तरांत दक्षिणेच्या याद्या आहेत. त्यांचा उपयोग अनेकांनीं केला आहे. परंतु वाड्यांच्या भाड्याच्या वह्या, घरोघरच्या वाराच्या नोंदी, खाणावळींचे जमाखर्च आणि वसतिगृहांचीं किर्दखतावणी यांस कोणी ऐतिहासिक कागद समजत नाहीं. वाडा पडला कीं त्या रद्दींत जातात. कोणत्या घरीं कोणत्या वारीं कोणत्या गांवचा मुलगा जेवत होता, व पाण्याची घागर त्यानें कोणत्या हौदावरून आणिली, हें अशाच वह्यांतून निघेल. त्याचप्रमाणें नळाच्या मार्गावरील ज्या घरमालकांच्या आवारांत उच्छ्वास आहेत, त्यांचीं जुनीं खरेदीखतें व मोजणीचे नकाशे पाहावे; सीमा सांगतांना त्यांत नळाचा उल्लेख येण्याचा संभव फार आहे. ज्यांच्या संग्रहीं असा एखादा कागद असेल त्यांनीं मूळ स्वतःपाशीं ठेवून नक्कल तेवढी पाठविली तरी चालेल.