यंत्रांना उठवणारा राखणदार

स्वयंचलित यंत्र म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेले भोगावतीवरचे राधानगरी धरण पाहा. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडतात, ओसरले की आपोआप मिटतात. अशा दरवाजांची कल्पना विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला प्रथम अमलात आणली. तिथे रात्रभर जागतो कोण? माणूस नव्हे, खुद्द पाण्याची पातळीच राखण करते. बाकीच्यांनी निजायचे असेल, तर कुणी तरी एकाने जागे राहिलेच पाहिजे. यंत्रे वेळेवर उठवण्याचा इतिहास म्हणजे या जागणाऱ्याचा इतिहास होय.

पुढे शेतीपंपांना लाईट पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळू लागली. उसाला पाणी पाजायला मध्यरात्री बॅटरी घेऊन मळ्यात जायचे; पायाखाली चिखल आणि सापाची भीती. त्यावर तोडगा निघाला ऑटो स्विचचा. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू! शेतकऱ्याची झोप वाचली खरी. पण गावातल्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की रोहित्रावर एकदम भार येतो आणि ते जळते. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवा, असे सांगत आले आहे. साध्या ऑटो स्विचला लाईट आलेली कळते. घड्याळ कळत नाही, आणि शेजारच्या विहिरीवरची मोटरही कळत नाही.

आता शाळेतल्या संगणकांकडे वळू. जुना संगणक बंद केला म्हणजे तो अगदी निपचित पडे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचा नवा आराखडा पुढे आणला. त्यात संगणक बंद असतानाही पाच व्होल्टचा बारीक प्रवाह आत चालू राहतो. त्याच साली एएमडी आणि एचपी या कंपन्यांनी त्याला हाक मारण्याची रीत बसवली. तिचे नाव मॅजिक पॅकेट. १९९७ पासून इंटेल आणि आयबीएम यांनी तीच सोय वेक ऑन लॅन या नावाने रुजवली.

ही हाक म्हणजे गावातली दवंडीच समजा. प्रत्येक संगणकाच्या जाळेकार्डाला स्वतःचा क्रमांक असतो. आरंभी सहा बाइटची ठरावीक खूण, मग तोच क्रमांक सोळा वेळा, असा एकूण १०२ बाइटचा निरोप तारेवरून सर्वांना ऐकू जातो. ज्याचा क्रमांक असेल तोच उठतो, बाकीचे झोपून राहतात.

पण दवंडी गावच्या वेशीबाहेर जात नाही. ही हाकही सहसा त्या घरातल्या किंवा शाळेतल्या जाळ्यापुरतीच चालते. मग ती रोज मारणार कोण? आतच असलेला आणि अहोरात्र चालू असलेला राऊटर! २००३ साली लिंक्सिस कंपनीच्या एका राऊटरची आज्ञावली खुली झाली आणि लोकांना कळून आले की ही डबी म्हणजे एक छोटा संगणकच आहे. २००४ साली त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा उपक्रम निघाला. ठरल्या वेळी ठरले काम करणारा क्रॉन हा कारकून युनिक्स प्रणालीत १९७०च्या दशकापासून होताच. तो राऊटरमध्ये आला आणि राखणदाराच्या हाती वेळापत्रक पडले.

गुरुजी, हे वेळापत्रक लावताना दोन गोष्टी विसरू नका बरं का. बहुतेक राऊटरांना वीज गेल्यावर चालणारे घड्याळ नसते. वीज परत आली की ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेतात. इंटरनेट बंद असेल, तर राखणदार जागा, पण वेळेचा पत्ता नाही! म्हणून राऊटरला छोटी बॅटरी द्यावी. वेळ भारतीयच लावावी. ग्रिनिचची राहिली, तर सकाळी दहाला उठायचे संगणक दुपारी साडेतीनला उठतील. दुसरे असे की, वीस संगणक एकदम उठवू नयेत, थोड्या थोड्या अंतराने उठवावेत. रोहित्राने शिकवलेला धडा इथेही लागू आहे.

आठवड्यातून संगणकाचा तास तो एकच, आणि त्यातली दहा मिनिटे यंत्रे सुरू करण्यात गेली, तर मुलांच्या हाती काय राहणार? म्हणून ती रात्रभर चालू ठेवली, तर बिल शाळेच्या माथी बसते. यंत्रे निजू द्यावीत, राऊटर मात्र जागा ठेवावा आणि त्याची वेळ अधूनमधून आपणच तपासावी.