विज्ञान प्रदर्शनाची टेबले आधी कोणी मांडली?

१/
५ ऑक्टोबर १८५८. न्यूयॉर्कमध्ये आज जिथे ब्रायंट पार्क आहे, तिथे लोखंड आणि काच यांनी उभारलेला क्रिस्टल पॅलेस पेटला. अर्ध्या तासाच्या आत त्याचा भव्य घुमट कोसळला. माणसे वाचली, आत मांडलेल्या यंत्रांची आणि कलाकुसरीच्या वस्तूंची मात्र राख झाली. त्या दिवशी तिथे ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट’चे वार्षिक प्रदर्शन चालू होते. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाची कुळकथा याच संस्थेपाशी जाऊन पोहोचते.

२/
ही संस्था १८२८ ची. देशी शेती, उद्योग आणि कला यांना उत्तेजन देणे हा तिचा हेतू, आणि त्यासाठीचे तिचे साधन म्हणजे जत्रा. शेतकऱ्याने आपले पीक आणावे, कारागिराने आपले यंत्र आणावे, वस्तूंची वर्गवारी व्हावी, परीक्षकांनी फिरून पाहावे आणि उत्तम ठरेल त्याला पदक मिळावे. नोंदणी, विभाग, मांडणी, परीक्षण, बक्षीस असा हा क्रम. शाळेच्या सभागृहात बाक जोडून, त्यांवर चादरी अंथरून जी प्रदर्शने आजही भरतात, त्यांचा सारा आराखडा या जुन्या जत्रेत तयार होता. त्यात फक्त मुले नव्हती.

३/
मुले आली ती संस्थेच्या शंभराव्या वर्षी. विसावे शतक उजाडेपर्यंत नवे यंत्र पाहायला जत्रेत जाण्याची गरज फारशी उरली नव्हती. मग १९२८ मध्ये संस्थेने ‘बालमेळा’ भरवला. जागा होती अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्री. सुरुवातीच्या मेळ्यांचा भर निसर्गाभ्यासावर आणि बागकामावर होता. विटांच्या चाळवजा इमारतींत वाढणाऱ्या शहरी मुलाने माती, रोप आणि कीटक यांच्याकडे निरखून पाहावे, एवढीच अपेक्षा होती.

४/
ही अपेक्षा वाटते तितकी लहान नाही. करून शिकणे हेच खरे शिकणे, हा जॉन ड्यूई यांचा विचार तेव्हाच्या अमेरिकी शिक्षकांत मुरला होता. मेळ्यातून वैज्ञानिक निपजावेत असा आग्रह नव्हता. पुराव्याखेरीज विश्वास न ठेवणारा नागरिक घडावा, असा होता. म्हणून मेळ्यात महत्त्व होते ते मांडणाऱ्या प्रत्येकाला. पुढे शाळाशाळांत विज्ञान मंडळे निघाली ती याच धारणेने.

५/
१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात चित्र पालटू लागले. वेस्टिंगहाऊस या विद्युत कंपनीच्या दालनात विद्यार्थी प्रेक्षकांसमोर प्रयोग करून दाखवत होते. मुलांच्या कुतूहलाला आता प्रायोजक मिळाला होता, आणि प्रायोजक आला की त्याची गरजही मागोमाग येते.

६/
वृत्तपत्रांना विज्ञानविषयक मजकूर पुरवण्यासाठी १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘सायन्स सर्व्हिस’ या संस्थेने १९४१ मध्ये विज्ञान मंडळांचे काम देशपातळीवर हाती घेतले. वॉटसन डेव्हिस हे तिचे संचालक. पुढच्याच वर्षी, महायुद्ध ऐन भरात असताना, वेस्टिंगहाऊसच्या साहाय्याने ‘सायन्स टॅलेंट सर्च’ सुरू झाला. देशभरातून निवडलेले चाळीस विद्यार्थी वॉशिंग्टनला जात. देशाला आता वैज्ञानिक हवे होते, आणि लवकर हवे होते.

७/
१९५० मध्ये फिलाडेल्फियात पहिला राष्ट्रीय विज्ञान मेळा भरला. १३ स्थानिक मेळ्यांतून निवडलेले ३० विद्यार्थी तिथे आले. हा आकडा चिमुकला आहे, पण विज्ञान मेळ्याच्या संयोजनातला सर्वांत मोठा बदल त्यात दडलेला आहे. मेळ्याची आता शिडी झाली. खालच्या पायरीवर शेकडो टेबले आणि वरच्या पायरीवर मोजकी. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर या शिडीला राष्ट्रीय प्रतिष्ठेचे वजन आले. १९५८ मध्ये जपान, कॅनडा आणि जर्मनी हे देशही त्यात सहभागी झाले.

८/
शिडी आणि जत्रा यांच्या संयोजनात फरक पडतो. जत्रेत पाहुणा म्हणजे शेजारी, पालक, वाटेवरचा कोणीही. त्याला समजेल असे सांगावे लागते. शिडीवर बोलायचे ते परीक्षकाशी. मग तक्ता देखणा करावा लागतो, प्रयोग न फसणारा निवडावा लागतो, आणि रात्री उशिरा वडिलांचा किंवा दुकानदाराचा हातही प्रतिकृतीला लागतो. फसलेला प्रयोग घेऊन येणाऱ्या मुलाला त्या रांगेत जागा उरत नाही; आणि शास्त्र तर बहुतांशी फसलेल्या प्रयोगांवरच पुढे सरकते!

९/
भारतात क्रम उलटा लागला. एनसीईआरटीची स्थापना १९६१ ची. तिची विज्ञान प्रतिभा शोध परीक्षा १९६३ मध्ये दिल्लीपुरती सुरू झाली आणि पुढच्या वर्षी देशभर गेली. राष्ट्रीय बालविज्ञान प्रदर्शन मात्र १९७१ मध्ये, दिल्लीतच, प्रथम भरले. म्हणजे निवड आधी आली, मेळा नंतर. आणि तो मेळाही शिडीच्या रूपातच आला. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला ही शिडी पाठ असते : शाळा, तालुका, जिल्हा, राज्य.

१०/
तरीही मूळ जत्रेचा अंश पुरता पुसला गेला नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. केवळ निवडलेल्यांचे नव्हे. १९७९ मध्ये मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राची विज्ञान बाग खुली झाली. तिथे मुलांनी उपकरणे हाताळायची, हलवायची, खेळायची. परीक्षक नाही, क्रमांक नाही.

११/
एनसीईआरटी प्रदर्शनासाठी दरवर्षी एक मुख्य विषय आणि काही उपविषय जाहीर करते. त्यांत बहुतेक वर्षी शेती असतेच. त्यामुळे तालुक्याच्या प्रदर्शनात, रोबोटच्या शेजारच्या बाकावर, ठिबक सिंचनाची सलाइनच्या नळीची प्रतिकृती आणि कुंडीत उगवलेली मेथी दिसते. १९२८ च्या त्या पहिल्या मेळ्यातल्या मुलांना हा बाक ओळखीचा वाटला असता.