तारांकित प्रश्नाची कुळकथा

अधिवेशन सुरू झाले की वर्तमानपत्रांत ठरलेले वाक्य उमटू लागते: अमुक आमदाराच्या तारांकित प्रश्नाला उत्तर देताना मंत्री म्हणाले. शब्द इतका सरावाचा झाला आहे की त्यातली तारका कुणाला दिसत नाही. काहींना तो हॉटेलांच्या दर्जासारखा, म्हणजे वरच्या प्रतीचा प्रश्न वाटतो. मूळ गोष्ट कारकुनी आहे. ज्या सदस्याला सभागृहात तोंडी उत्तर हवे असेल त्याने आपल्या प्रश्नापुढे तारकाचिन्ह करावे, ही रीत ब्रिटनच्या कॉमन्स सभेने 1902 च्या नियमबदलात घालून दिली, आणि तिकडून ती आपल्या विधिमंडळांत आली. चिन्ह असले की मंत्र्याला उभे राहावे लागते आणि उत्तर पटले नाही तर उपप्रश्न विचारता येतो. चिन्ह नसले की छापील उत्तर मिळते, आणि कागदाची उलटतपासणी होत नाही. त्या तारकेची सगळी किंमत उपप्रश्नात आहे. म्हणूनच प्रश्न विकता येतो, आणि विकत घेऊन गप्पही बसवता येतो.

प्रश्नाचा जन्मच मुळी एका लबाडीच्या मागावर झाला. 1721 मध्ये लंडनच्या लॉर्ड्स सभेत अर्ल कूपर यांनी सरकारला विचारले, की साउथ सी कंपनीचा पळून गेलेला खजिनदार रॉबर्ट नाइट पकडला गेल्याची बातमी खरी आहे का. संसदेत नोंदला गेलेला पहिला प्रश्न म्हणून हाच सांगितला जातो. हिंदुस्थानात हा हक्क 1892 च्या कायद्याने आला, तोही हातचे राखून: सूचना देऊन प्रश्न विचारा, उत्तर ऐका, खाली बसा. 1909 च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा दिली आणि 1919 नंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. हैदराबाद संस्थानातल्या धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. सोलापूर मुंबई इलाख्यात होते, तेव्हा तिथल्या तक्रारीला मुंबईच्या कौन्सिलात तोंड फुटू शकत होते. तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गला निजामाचे राज्य, आणि रयतेच्या हाती फक्त अर्ज. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाले आणि प्रौढ मतदानाने निवडलेली पहिली हैदराबाद विधानसभा 1952 मध्ये बसली. पुढे 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा शेतकरी कामगार पक्षाच्या उद्धवराव पाटलांसारखे धाराशिवचे नेते विरोधी बाकांवरून सरकारला जाब विचारू लागले. जे हत्यार सोलापूरकराला 1892 मध्ये बोथट का होईना मिळाले, ते धाराशिवकराच्या हाती साठ वर्षांनी पडले.

आणि ते हाती पडायच्या आधीच दिल्लीत त्याचा बाजार मांडून झाला होता. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न संसदेत आणल्याचे 1951 मध्ये उघड झाले. टी. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली, आणि 24 सप्टेंबरला खुद्द नेहरूंनी हकालपट्टीचा ठराव मांडला. मुदगल यांनी राजीनामा देऊन ती टाळली. सभागृहाने त्या राजीनाम्याच्या भाषेचाही निषेध नोंदवला. चोपन्न वर्षांनी, डिसेंबर 2005 मध्ये, एका वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यासमोर खासदार प्रश्न विचारण्यासाठी नोटा घेताना दिसले. 23 डिसेंबरला लोकसभेतून दहा आणि राज्यसभेतून एक अशा अकरा जणांना काढून टाकण्यात आले. त्यांत जळगाव आणि एरंडोल या दोन खानदेशी मतदारसंघांचे खासदारही होते. दोन्ही वेळा सभागृहाने शिक्षा दिली, याचे कौतुक होते. ते योग्यही आहे. पण शिक्षा म्हणजे नियम नव्हे. एकदा तक्रार फुटली आणि एकदा कॅमेरा होता म्हणून शिक्षा झाली. दरम्यानच्या चोपन्न वर्षांत लोकसभेतला कुणाचा प्रश्न कुणासाठी होता, हे पाहण्याची खिडकी वाचकाला कुणी ठेवली नव्हती.

अशी खिडकी पहिल्यांदा पाडली ती राज्यसभेत, मराठवाड्याच्या माणसाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने. 4 मार्च 1997 रोजी राज्यसभेची नीतिविषयक समिती स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण. 'हेडमास्तर' म्हणून ओळखले जाणारे शंकरराव या कामाला साजेसे होते. समितीने सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवायला सांगितले आणि त्यात पाच रकाने ठरवले: मोबदला मिळणारे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीवर नियंत्रण देणारे भागभांडवल, पैसे घेऊन दिलेला सल्ला आणि व्यावसायिक काम. राज्यसभेच्या नियम 293 ने या नोंदवहीला पाया दिला. 2005 मध्ये लोकसभेला अशी नोंदवही नव्हती.

अशी नोंदवही प्रत्येक सभागृहात हवी, असे म्हटले की पहिला आक्षेप येतो, की नोंदवहीने लाच थांबत नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभेत ती 1970 च्या दशकापासून आहे, तरी 1994 मध्ये तिथे प्रश्नांसाठी पैसे घेतल्याचे प्रकरण गाजलेच. आक्षेप खरा आहे, पण निष्कर्ष चुकीचा. नोंदवही होती म्हणून न केलेली नोंद हाच पुरावा ठरू शकला, आणि 1995 मध्ये नोलन समितीच्या अहवालानंतर पैसे घेऊन कुणाची बाजू मांडण्यावर स्पष्ट बंदी आली. दुसरा आक्षेप अधिक नेटका आहे: 4 मार्च 2024 रोजी सीता सोरेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 1998 चा निकाल रद्द करून सांगितले, की सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचे कवच नाही, मग नियमांचा खटाटोप कशाला? कारण न्यायालय लाच सिद्ध झाल्यावर बोलते, आणि हितसंबंध ही लाच नसते. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र आहेच, असेही म्हणतात. ते निवडणुकीच्या तोंडावर भरले जाते, मालमत्ता सांगते, आणि चार वर्षांनी विचारलेल्या प्रश्नाशी ते कोण जुळवून पाहणार? तिसरे म्हणणे असे, की बेइमान सदस्याला सभागृह स्वतःच काढते. पण सभागृहाची शिक्षा बहुमताच्या हाती असते. खासदार महुआ मोईत्रा यांना प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून डिसेंबर 2023 मध्ये अशोभनीय वर्तन ठरवून लोकसभेतून काढले, त्यांनी आरोप फेटाळले, आणि पुढल्याच निवडणुकीत कृष्णनगरच्या मतदारांनी त्यांना परत पाठवले. खरे कोण, यावर अजून वाद घालता येतो. प्रश्नाशेजारीच हितसंबंध छापलेला असता तर वादाला निदान कागदाचा आधार असता.

माझा आक्षेप या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. शंकररावांच्या समितीचे पाच रकाने कंपन्यांच्या जगासाठी आखलेले आहेत, आणि आपल्याकडचा हितसंबंध त्यात मावत नाही. धाराशिव जिल्ह्यात सत्तेचे घर शेअर बाजारात नाही. ते ढोकीच्या तेरणा कारखान्यासारख्या सहकारी साखर कारखान्यांत, जिल्हा बँकेत, बाजार समितीत, दूध संघात आणि शिक्षण संस्थांत आहे. या पदांवर मानधन नाममात्र असते, कधी नसतेच. चेअरमनच्या हाती भागभांडवल नसते, ते हजारो सभासदांचे असते. म्हणजे कर्जाला सरकारी थकहमी मागणारा, शाळेला अनुदान मागणारा किंवा शेजारच्या कारखान्याच्या गाळप परवान्यावर बोट ठेवणारा सदस्य पाचही रकाने प्रामाणिकपणे कोरे ठेवू शकतो. महाराष्ट्रासाठी सहावा रकाना लागतो: सदस्य आणि त्याच्या घरचे लोक ज्या ज्या संस्थेत पदावर आहेत त्यांची नावे, मानधन असो वा नसो. यावर कुणी म्हणेल, मग उसावर बोलायला उरेल कोण? सगळेच बोलतील. कारखाना चालवणाऱ्यालाच उसाचे दुखणे कळते, त्याला गप्प बसवण्यात शहाणपण नाही. त्याने फक्त आपण कोणत्या गव्हाणीपाशी उभे आहोत ते सांगून बोलावे.

राहिली न विचारलेल्या प्रश्नाची गोष्ट. सूचना द्यायची, संबंधिताला ती कळू द्यायची आणि मग प्रश्न मागे घ्यायचा किंवा पुकारा होताच गैरहजर राहायचे, हा व्यवहार विचारलेल्या प्रश्नापेक्षा स्वच्छ असतो, कारण मागे काहीच उरत नाही. 30 नोव्हेंबर 2009 रोजी यादीतले इतके खासदार गैरहजर होते की लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास वेळेआधीच आटोपला. त्या दिवशी कुणी पैसे घेतले असे मी म्हणत नाही. आळसही तेवढाच बलवान असतो. पण मागे घेतलेल्या प्रत्येक प्रश्नाची कारणासह यादी छापली, तर आळस आणि व्यवहार निदान वेगळे ओळखता येतील. विधिमंडळाला त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 208 ने सभागृहाला स्वतःचे नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. तोवर धाराशिवच्या वाचकाने हे काम आपल्याकडे घ्यावे. पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्नाची बातमी आली, की प्रश्नकर्त्याचे नाव आणि त्याच्या घरातल्या संस्थांची नावे एकाच कागदावर लिहून पाहा.