अभियांत्रिकी : पदवीपलीकडील उत्तरदायित्वाचा व्यवसाय

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात ‘अभियंता दिन’ म्हणून साजरा केला जातो. अभियांत्रिकीची पदवी घराघरांत परिचित आहे. परंतु पदवी मिळाल्यानंतर अभियंता नेमके काय करतो आणि कोणती जबाबदारी स्वीकारतो, याची माहिती समाजात तुलनेने कमी आहे.

विश्वेश्वरय्या यांचे कार्य या प्रश्नाचे उत्तर देते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात रुजू झाले. पुण्याजवळील खडकवासला धरणाची उंची न वाढवता त्यात अधिक पाणी साठवण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यासाठी त्यांनी सांडव्यावर बसविण्याजोगे स्वयंचलित दरवाजे विकसित केले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरल्यावर मिटत. १९०३ मध्ये ते खडकवासल्यास बसविण्यात आले. पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा धरण आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर येथेही ही पद्धत वापरली गेली. उपलब्ध साधने, खर्च आणि लोकांची सुरक्षितता यांचा मेळ घालून व्यवहार्य उत्तर शोधणे, हेच अभियंत्याचे मुख्य काम होय.

स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन, संगणक अशा शाखा वेगवेगळ्या असल्या तरी कामाचे टप्पे बहुतांशी समान असतात : गरजेचा अभ्यास, आराखडा, गणिती पडताळणी, चाचणी, उभारणी आणि देखभाल. यांपैकी देखभाल व तपासणी सहसा नजरेआड राहते. पूल, उद्वाहक किंवा वीजवाहिनी सुरळीत चालते, तेव्हा तिच्यामागील अभियंता कोणाच्या लक्षात येत नाही.

व्यवसायाच्या मान्यतेबाबतही एक महत्त्वाचा भेद आहे. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. अभियंत्यांच्या सर्व शाखांसाठी अशी वैधानिक नोंदणी व्यवस्था स्वातंत्र्यानंतर अनेक दशके उभी राहिली नाही. इमारतींच्या परवानगीसाठी स्थानिक संस्था संरचना अभियंत्यांना परवाने देतात. १९२० मध्ये स्थापन झालेली, कोलकाता येथे मुख्यालय असलेली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ ही संस्था अनुभवी सदस्यांना ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे प्रमाणपत्र देते. २०१४ मध्ये राष्ट्रीय अधिमान्यता मंडळाच्या माध्यमातून भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा कायम सदस्य झाला. मात्र ही मान्यता अधिमान्य पदवी अभ्यासक्रमांपुरती आहे. परदेशात व्यवसाय करण्याचा परवाना तिने आपोआप मिळत नाही.

या क्षेत्रात प्रवेशाचे मार्ग एकाहून अधिक आहेत. बारावीनंतर प्रवेश परीक्षेद्वारे पदवी अभ्यासक्रम, तर दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेता येते. पदविकाधारकांना पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. पदवीनंतर ‘गेट’ परीक्षेद्वारे पदव्युत्तर शिक्षणाचा आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेद्वारे शासकीय सेवेचा मार्ग खुला होतो.

त्यामुळे विद्यार्थी व पालकांनी महाविद्यालय निवडताना शुल्क व नोकरीच्या संधींबरोबरच अभ्यासक्रमाची अधिमान्यता, प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांचीही चौकशी करणे आवश्यक ठरते. अभियंत्याच्या स्वाक्षरीवर त्याला कधीही न भेटणाऱ्या अनेकांची सुरक्षितता अवलंबून असते, आणि त्या स्वाक्षरीची तयारी वर्गातच सुरू होते.